डोंगर नसलेल्या गावातली माउंटन बाइक

माउंटन बायकिंगचा इतिहास सांगताना बहुतेक जण एकाच तारखेपासून सुरुवात करतात. 21 ऑक्टोबर 1976. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या डोंगरवाटेवर काही तरुणांनी सायकलींची शर्यत लावली. वाट साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर आणि उतार सुमारे चारशे मीटरचा. सायकली होत्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरच्या, वजनदार आणि बिनगिअरच्या. पायडल उलटे मारले की मागच्या चाकाला ब्रेक लागायचा. उतारावर तो इतका तापायचा, की हबमधले ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर पुन्हा ग्रीस भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले.

या टोळक्यातल्या जो ब्रीझने 1977 मध्ये खास डोंगरवाटांसाठी सायकलचा सांगाडा बनवला. गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली. 1981 पासून त्या कारखान्यांत मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या आणि 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. वीस वर्षांत भंगारातली सायकल ऑलिंपिकपर्यंत गेली, ही गोष्ट कौतुकाचीच आहे.

पण मुळात तिथे काय होते? जुनी जड सायकल, कच्चा रस्ता आणि पायातला जोर. या तिन्ही गोष्टी त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यातही होत्या. पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावांत तर त्या रोजच्याच होत्या. तिथे त्याला कुणी खेळ म्हटले नाही, एवढाच फरक.

करकंब हे पंढरपूरपासून विसेक किलोमीटरवर, टेंभुर्णीच्या वाटेवरचे बाजाराचे गाव. डोंगर नाही. काळे रान, मधूनच मुरमाड माळ, बांधाबांधाने बाभळी. बार्शी लाइट रेल्वे 1906 साली पंढरपूरला पोचली, पण करकंब त्या रुळांपासून बाजूलाच राहिले. आसपासच्या वाड्यावस्त्यांना बाजार गाठायचा तर पाय, बैलगाडी किंवा सायकल. 1972 च्या दुष्काळात राज्यभर रोजगाराची कामे निघाली, तेव्हा खडी फोडून आणि मुरूम टाकून कितीतरी खेड्यांना रस्ते झाले. सायकलचे चाक धरेल अशी वाट बऱ्याच गावांना त्या दुष्काळाने दिली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

ही सायकल आपल्याकडे आली परदेशातून. 1817 मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने पायाने जमीन रेटत पळवायची दोनचाकी बनवली. 1885 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन स्टार्लीने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी रचना रूढ केली. 1888 मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. पुढे नांगर आणि पंप बनवणाऱ्या या घराण्याची सुरुवात सायकल विकण्यापासून झाली. तेव्हा सायकल साहेबाची आणि वकील-डॉक्टरांची होती. स्वातंत्र्यानंतर देशात ॲटलस, हीरो यांचे कारखाने निघाले आणि मग ती खेड्यात उतरली. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देणे हा मानपान झाला. सायकलवर कर होता आणि पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असाल, तर शहरात पोलीस अडवत.

खेड्यातल्या मुसलमानांच्या पोटापाण्याचा इतिहास लिहायचा झाला, तर सायकलला वेगळे प्रकरण द्यावे लागेल. अत्तार, मणेर, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार ही नावेच धंद्यांची आहेत आणि यातले बरेच धंदे फिरतीचे. पूर्वी डोक्यावर किंवा घोड्या-गाढवावर माल लादून माणसे बाजार करत. सायकल आल्यावर कॅरिअरला पेटी बांधून अत्तारचाचा सुया-दोरे, कुंकू, फण्या घेऊन गावोगाव जाऊ लागले. बागवानांच्या सायकलला दोन्ही बाजूंनी पाट्या लटकल्या. पिंजाऱ्याचा धनुकला सायकलच्या दांडीला बांधला गेला. धार लावणाऱ्याने तर सायकल स्टँडवर उभी करून तिलाच यंत्र बनवले. पायडल मारायचे, पट्ट्यावर सहाण फिरते आणि विळीला धार लागते. दिवसाला एक गाव करणारा माणूस तीन गावे करू लागला आणि रात्री मुलाबाळांत येऊन झोपू लागला. या शेवटच्या गोष्टीची किंमत फिरतीवर हयात काढलेल्या माणसालाच कळते.

दुसरा धंदा सायकल मार्टचा. तासावर सायकल भाड्याने द्यायची, वहीत नाव आणि वेळ लिहायची, पंक्चर काढायचे. खेडोपाडी या कामात मुसलमान मिस्त्री बरेच होते. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधणे, चाकाचा आउट काढणे, छर्रे धुऊन ग्रीस भरणे हे शाळेत कुणी शिकवले नाही. बापाच्या, नाहीतर उस्तादाच्या हाताखाली ते शिकले गेले. कॅलिफोर्नियातले तरुण हबमध्ये ग्रीस भरत होते, तेव्हा आपले मिस्त्रीही तेच करत होते. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरेनासे होते. म्हणून शेतकरी मडगार्ड काढून टाकत. दुधाच्या कॅनसाठी कॅरिअरला लोखंडी पट्टीचा आधार जोडून घेत. बाभळीच्या काट्याचा तर इलाजच नव्हता, त्यामुळे मिस्त्रीचे घर चाले. रस्त्याप्रमाणे सायकल बदलून घेणे, हाच माउंटन बाइकच्या जन्माचा गाभा आहे. तो आपल्याकडे होता, फक्त त्याचे पेटंट आणि पुस्तक झाले नाही.

इतिहासात असे नेहमी होते. 1897 मध्ये अमेरिकन लष्कराच्या 25 व्या पायदळातले वीस काळे सैनिक मोंटाना राज्यातल्या मिसूलाहून सेंट लुईसपर्यंत सुमारे 1900 मैल सायकलवर गेले. रॉकी पर्वत, चिखल, वाळू सगळे पार करून एकेचाळीस दिवसांत पोचले. कच्च्या वाटेवरच्या सायकलिंगचा हा फार मोठा पराक्रम, पण या खेळाची कथा सांगताना त्यांची आठवण क्वचितच निघते. आपल्या मुंबईतून 1923 मध्ये काही पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा 1928 मध्ये परतले. त्यांनी पुस्तक लिहिले म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पेटी बांधून आयुष्यभर माळ तुडवणाऱ्या अत्ताराने पुस्तक लिहिले नाही.

कुणी म्हणेल, तो पोटासाठी फिरत होता, आनंदासाठी नव्हे. ही वाटणी मला पटत नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला आनंद नसतो, हे बसून राहणाऱ्यांचे मत आहे. भाड्याच्या सायकलवर शिकणारी पोरे आठवा. सीटवर पाय पुरत नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. गुडघे फुटत, पण तासाचे पैसे वसूल झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे. गावात कधी सात दिवस सायकल चालवणारा यायचा. तो चौकात गोल फिरत राही, सायकलवरच दाढी आणि अंघोळ करी. रात्री कर्ण्यावर गाणी लागत आणि लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टोचत. त्याच चौकात सगळ्या आळ्यांची माणसे एकत्र बसत. हा आनंद कुठल्या खेळापेक्षा कमी होता?

आनंदाचे कारणही साधे आहे. चालताना जेवढी ताकद लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्यात सायकल तेवढेच अंतर कापते. तरीही जोर आपलाच असतो, तेल-पेट्रोलाचा नसतो. चढ आपल्या छातीला कळतो आणि उतार आपल्या कमाईचा असतो. कच्च्या वाटेवर तर दगड, वाळू, चाकोरी पाहून प्रत्येक क्षणी चाक वळवावे लागते. डोक्यातली इतर काळजी तेवढा वेळ बाजूला पडते. कॅलिफोर्नियातल्या तरुणाला आणि करकंबच्या बाजारातून रिकाम्या पेटीसह परतणाऱ्या चाचांना उतारावर लागणारा वारा सारखाच.

मात्र आपल्याकडे हा वारा अर्ध्याच लोकांना मिळाला. बायकांच्या वाट्याला कॅरिअर आले, हँडल नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरता मोहिमेसोबत बायकांना सायकल शिकवली गेली आणि एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. त्यात मुसलमान तरुणी पुढे होत्या. सुरुवातीला टोमणे बसले, पण त्या थांबल्या नाहीत. पाणी, बाजार, शाळा, दवाखाना यांसाठी कुणा पुरुषाची वाट बघणे संपले, हा त्यांचा आनंद होता. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. आठवीनंतर शाळा लांब म्हणून ज्या घरात मुलीचे शिक्षण थांबते, त्या घरात ही दोन चाके किती मोठा फरक करतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आज चित्र उलटे झाले आहे. उजनीचे पाणी आले, ऊस-द्राक्षे आली, दारात मोटारसायकल आली आणि सायकल गरिबीची खूण ठरली. सायकल मार्टच्या पाट्या उतरल्या. दुसरीकडे शहरांत पन्नास हजार, लाख रुपयांच्या गिअरच्या सायकली घेऊन लोक पहाटे घाट चढतात. आषाढीच्या आधी नाशिकहून सायकलवारी निघते आणि हेल्मेट घातलेले वारकरी टेंभुर्णीमार्गे पंढरपूर गाठतात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच रस्त्याने ज्याने चाळीस वर्षे पेटी वाहिली, त्याची सायकल लाजिरवाणी आणि यांची प्रतिष्ठेची, हा हिशेब बरोबर नाही.

म्हणून या खेळाचा इतिहास लिहिताना फेअरफॅक्सच्या शेजारी करकंबच्या माळालाही एक ओळ मिळायला हवी. आणि इतिहास लिहून होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. घराच्या आडोशाला गंजत पडलेली सायकल मिस्त्रीकडे न्यावी, छर्रे बदलून घ्यावेत, हवा भरावी आणि घरातल्या मुलीच्या हातात हँडल द्यावे. माळ अजून तिथेच आहे.