एका घराची मंडळी

रायगडच्या किनाऱ्यावर बोर्ली दोन आहेत. एक मुरुड तालुक्यातली, कोर्लईच्या शेजारची बोर्ली मांडला. दुसरी आमची, श्रीवर्धन तालुक्यातली बोर्ली पंचतन. दिघीपासून दिवेआगरपर्यंत सगळ्यांना हा फरक पाठ, पण आमच्या नगरकडच्या नातेवाइकांना तो मरेपर्यंत कळला नाही. ते ‘मु. पो. बोर्ली, जि. कुलाबा’ एवढंच लिहायचे (जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली), आणि आजीचा ‘ज्ञानोदय’ बरेचदा त्या बोर्लीचं पाणी पिऊन मगच आमच्याकडे यायचा. एकदा तर वेष्टनावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आपण ख्रिस्ती काय? नाताळला कोर्लईस यावे.’ सही लागत नव्हती. आजीने ते वेष्टन बायबलात घडी करून ठेवलं.

गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. आई नर्स, सरकारी नोकरीत बदलून आलेली. वडील नव्हते. आईची आई, म्हणजे आजी, नेवाशाकडची. रविवारी सकाळी आम्ही तिघं ओटीवर बसायचो, आजी झांजा घ्यायची, आई शास्त्रपाठ वाचायची, आणि नारायण वामन टिळकांची पदं व्हायची. चाल अभंगाची, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, नर्सबाईंकडे भजन चाललंय. शेजारचे तात्या चालीसाठी येऊन बसायचे आणि प्रार्थना सुरू झाली की तंबाखू मळत उठायचे. पाळक नाही, देऊळ नाही, प्रभुभोजन वर्षातून एकदा नगरला गेलो तर. आई कधी कधी म्हणायची, आपली मंडळीच नाही इथं. आजीला ते पटत नसे.

ते का पटत नसे हे समजायला आजीच्या आजोबांपर्यंत जावं लागतं. ते गावचे येसकर. वेशीवर पहारा, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यामागे धावायचं, मेलेली ढोरं ओढायची, आणि गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना मर्तिकाचा सांगावा न्यायचा. पाऊस असो, ताप असो, नाही म्हणायची सोय नाही. त्यावर बलुतं मिळायचं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर अमेरिकन मिशनच्या लोकांकडे जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि येसकराची काठी पाटलाच्या ओट्याला टेकवून आले. आजी हे सांगताना हाताने काठी टेकवून दाखवायची. पुढच्या खळ्याला त्यांच्या वाट्याला दाणा आला नाही. विहीर आधीही नव्हती, नंतरही नाही. मिशनमधून काही मिळालं, काही नाही. दुष्काळातले ख्रिस्ती म्हणून हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हसणाऱ्यांनी एक खळं उपाशी काढून बघावं. पुढे स्वतंत्र देशातही १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने धर्म बदललेल्यांना सवलतींबाहेर ठेवलं. शिखांना त्या १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या, ख्रिस्ती बाहेरच राहिले. सुटकेची किंमत आमच्या घरात अशी हप्त्याहप्त्याने भरली गेली.

नगरला असताना आजीने लहानपणी टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, कोकणस्थ ब्राह्मण. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि सगळं गणगोत एका दिवसात तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षं आपल्या सोवळ्यासकट वेगळ्या झुंजल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या पायाने येऊन बाप्तिस्मा घेतला. आजीला लक्ष्मीबाईंचं कौतुक टिळकांपेक्षा जास्त. “त्याला एका टायमाला सुचलं. तिला रोज थोडं थोडं सोडावं लागलं,” असं ती म्हणे. मला मात्र टिळकांची शेवटची दोन वर्षं अधिक विचार करायला लावतात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसणार होते. ज्या उंबरठ्यासाठी सगळं गमावलं तोच उंबरठा हा माणूस उतारवयात खाली करायला निघाला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार चालला नाही. फसलेला प्रयोग म्हणून तो सोडून देतात. तंबाखू मळत बसणारे तात्या पाहत मी वाढलो, म्हणून मला तो फसलेला वाटत नाही.

तात्यांचं वय तेव्हा सत्तरीचं. आमची बोर्ली जंजिऱ्याच्या नवाबाची, १९४८ पर्यंत, त्यामुळे त्यांच्या गोष्टी नवाबापासून सुरू व्हायच्या आणि तेलाच्या घाण्यापाशी यायच्या. किनाऱ्याच्या गावागावांत शनवार तेली असायचे, म्हणजे बेने इस्रायल यहुदी. शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी. तात्यांच्या मते मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे आमच्याच दिवेआगरचे. दिवे नावाची गावं आणखीही आहेत असं कुणी म्हटलं की ते विषय बदलायचे.

पण त्यांची दुसरी गोष्ट मी पुढे पुस्तकांत ताडून पाहिली आणि ती खरी निघाली. हरिहरेश्वराहून सावित्रीच्या खाडीपलीकडे बाणकोट दिसतं. तिथे १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आले. पहिला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला, बाकीच्यांनी बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात शाळा काढल्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्याचं नाव आहे तो जॉन विल्सन १८२९ मध्ये याच बाजूला राहून मराठी शिकला. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मास्तर होते, बाकांवर त्यांची मुलं होती. या बेने इस्रायलांना शेमा ही प्रार्थना तोंडपाठ, शब्बाथ पक्का, पण हिब्रू वाचता येत नव्हतं. विल्सनने त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. उद्देश उघड होता: मूळ शास्त्र वाचतील आणि येशूकडे येतील. त्यांनी शास्त्र वाचलं आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झाले ते अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मिशनच्या हिशेबात हा तोटाच. तात्या ही गोष्ट आजीला मुद्दाम सांगायचे, मिश्कीलपणे. आजी एकदा म्हणाली, “मंग काय बिघडलं? दार उघडलं त्यानं. आत कोण बसलंय ते ज्याचं त्यानं बघावं.”

कोकणात ज्यांना शनिवार पाळण्याबद्दल कुणी दाखला मागितला नाही, त्यांना पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर आपण यहुदी आहोत हे सिद्ध करायला जेरुसलेमच्या रस्त्यावर बसावं लागलं. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं, हे सर्व अर्थाने यहुदीच. तात्या तोवर पेपर वाचून दाखवण्याच्या वयात आले होते आणि ती बातमी त्यांनी गावात बरेच दिवस पुरवली, असं आई सांगे.

वेष्टनावरच्या आमंत्रणाला मान देऊन आम्ही एका नाताळला कोर्लईला गेलो. दिघीहून होडीने राजपुरी, डावीकडे जंजिरा, मग मुरुडहून एसटी. आजी पहिल्यांदाच कॅथलिक देवळात शिरत होती. ऊद, मेणबत्त्या, कार्मेल मातेची मूर्ती, हे सगळं बघून ती पदराने नाक धरून मागच्या बाकावर बसली. मिस्सा मराठीत झाली, तेव्हा मराठी नवीनच आली होती. त्याआधी फादर लोकांचं चाले ते लॅटिन आणि पोर्तुगीज. बाहेर आल्यावर बाया आपसांत जे बोलत होत्या त्यातला एक शब्द आम्हाला कळेना. मोडकी पोर्तुगीज, शेकडो वर्षांची, घराघरातली. चुलीवरची मच्छी मात्र ओळखीची होती. पेन्सिलवाला कोण ते काही कळलं नाही, पण आम्हाला तीन घरी जेवावं लागलं.

कोर्लईचा इतिहास सोवळा नाही. पोर्तुगीजांच्या राज्यात किनाऱ्यावर देवळं पडली, माणसं बाटवली गेली, आणि धर्मन्यायालयाची भीती होती. हे ख्रिस्ती माणसाने आधी स्वतः म्हणावं, दुसऱ्याने म्हणायची वाट पाहू नये. पण १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेली. पोर्तुगीज गोव्याकडे निघाले, ज्यांच्या गाठीला पैसा होता तेही निघाले. मागे राहिले शेतावर राबणारे आणि सैनिकांचे चाकर. आता त्यांच्यावर कुणाचा जुलूम नव्हता. परत फिरायला वाट मोकळी होती. ते फिरले नाहीत. माझ्या मते कोर्लईचे लोक खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झाले ते त्या वर्षी, राज्य गेल्यावर.

हे मला सुचलं ते आजीमुळे. एका श्रावणात रात्री शेजारच्या खालांचे सासरे वारले. लेक दिवेआगरला दिलेली, घरातले पुरुष मुंबईत, रस्ता पाण्याखाली. अशा वेळी कुणाला पाठवायचं यावर कुजबुज चालली होती. आजी उठली, डोक्यावर घोंगडी घेतली, कंदील उचलला. आई आडवी आली. मर्तिकाचा सांगावा आपल्या घरातून पुन्हा कुणी नेणार नाही, ही आजीच्या आजोबांची शपथ आमच्या घरात रोजच्या प्रार्थनेइतकी पाठ. आई म्हणाली, “आई, तू? सांगावा घेऊन?” आजी म्हणाली, “तवा न्यावा लागायचा. आज मी नेतीया.” आणि गेली. पहाटे लेकीला घेऊन परत आली, गुडघ्यापर्यंत चिखल, कंदील विझलेला.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात दोन गोष्टी एकाच अध्यायात येतात. तुम्ही मोकळे केले गेला आहात, पुन्हा जोखडात मान देऊ नका. आणि या मोकळेपणात प्रेमाने एकमेकांचे चाकर व्हा. प्रवचनात पहिलीवर जोर असतो. आमच्याकडे तर असायलाच हवा, कारण जोखड खरंच होतं. पण दुसरीशिवाय पहिली घेतली की माणूस मोकळा होतो आणि एकटा पडतो. मिशनच्या कंपाउंडांत मी अशी मोकळी, एकटी घरं बरीच पाहिली आहेत. उलट टोक आमच्याच जिल्ह्यात आहे. गावकीने वाळीत टाकलेल्यांच्या बातम्या रायगडातून इतक्या येत राहिल्या की अखेर राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. २०१६ मध्ये तो मंजूर झाला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. दुकानदाराने मीठ द्यायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. ही गावकीसुद्धा एकोपाच म्हणवते. ज्याला बाहेर पडायची मुभा नाही त्याच्या तोंडी एकोपा शब्द शोभत नाही, आणि ज्याला बाहेर पडून कुणाकडेच जायचं नाही त्याच्या तोंडी मोक्ष.

आजी बोर्लीतच गेली, उन्हाळ्यात. पुरायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. नगरला न्यायचं तर घाट, उष्मा, आणि गाडी नाही. कोर्लईचं दफनस्थान कॅथलिक, शिवाय मध्ये खाडी. ओटीवर माणसं जमली. मोहल्ल्यातल्या एकाने आपल्या कब्रस्तानाचा कोपरा सुचवला, दुसऱ्याला ते रुचलं नाही आणि त्याने तसं तोंडावर सांगितलं. कुणी म्हणालं जाळा, काय फरक पडतो. आई गप्प. मग खालांचे यजमान, आमचे चाचा, म्हणाले, “माझ्या सुपारीच्या वाडीत बांधाला जागा आहे. माझा बाप गेला तेव्हा कंदील घेऊन तीच गेली होती ना.” त्यांच्या भावाने हिशेब मांडला, थडगं असलेल्या वाडीला उद्या गिऱ्हाईक मिळणार नाही. चाचा म्हणाले, नाही मिळालं तर नाही विकणार. खड्डा कुणब्यांच्या पोरांनी खणला. शास्त्रपाठ आईने वाचला. तात्यांनी एक पद म्हटलं, चाल बरोबर होती, शब्द अर्धे त्यांचेच. कोर्लईला सांगावा घेऊन चाचांचा मुलगा होडीने गेला आणि तिसऱ्या दिवशी तिथून पाच माणसं आली, त्यांतल्या एकाने सांगितलं की वेष्टनावर त्याच्या आजोबांनी लिहिलं होतं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ती वाडी आडवी झाली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात सुपारीची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडली. नवं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात, तेवढा धीर पुढच्या पिढीत नव्हता. चाचा केव्हाच गेले. त्यांच्या मुलांनी वाडी विकायला काढली, दिवेआगरच्या पर्यटनामुळे भाव बरा होता. गिऱ्हाईक पुण्याचं, त्याला रिसॉर्ट बांधायचं होतं आणि बांधावरचं थडगं नको होतं. मोजणीच्या दिवशी मी गेलो, काही बोलायचं नाही असं ठरवून. मुलांपैकी थोरल्याने मोजणीदाराला साखळी बांधाच्या आत धरायला लावली. गिऱ्हाईक म्हणालं, एवढ्याशा तुकड्यासाठी भाव कमी करू. थोरला म्हणाला, करा. अर्धा गुंठा त्यांच्याच नावावर राहिला आहे. त्याची घरपट्टी नाही, उत्पन्न नाही, आणि तलाठ्याला सातबाऱ्यावर पीक कोणतं लिहावं ते अजून सुचलेलं नाही.