बियाणं उगवलं नाही? ग्राहक आयोगात अशी करा तक्रार

बियाणं उगवलं नाही की दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी पावसाकडे. पण शेतकरीही ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलंय. त्यामुळे भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वकील लावायलाच हवा असं नाही. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची.

खरी मेख पुराव्यात आहे. पक्कं बिल, लॉट नंबर असलेली पिशवी आणि थोडं बियाणं जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. दुबार पेरणी उरकल्यावर कोण काय बघणार? बिलाशिवाय घेतलेल्या स्वस्त बियाण्याची बाजू आयोगात मांडणं अवघडच.

एकाच मालात अनेक जण फसले असतील, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम १६ कामाचं आहे. जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. हे प्राधिकरण माल मागे घ्यायला, पैसे परत करायला लावू शकतं. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.