गर्भाशयातील ‘मारक’ पेशी : एका संज्ञेचा इतिहास

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या कल्पनेचा मुंबईशी दुवा जुळतो तो एका शिष्याच्या द्वारे. इ. स. १८८२ मध्ये मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अर्भकात काटा टोचून त्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या. त्यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगग्रस्त मुंबईत आले; १८९९ पासून परळ ही त्यांच्या प्रयोगशाळेची कर्मभूमी झाली. हाफकिन यांची लस अर्जित प्रतिकारशक्तीवर आधारलेली होती. तथापि गुरूची भाषा रणांगणाची होती : शरीर हा दुर्ग, जंतू हे आक्रमक आणि भक्षक पेशी हे सैनिक. ही भाषा वैद्यकात दृढमूल झाली.

गर्भाशयाचा प्रश्न या भाषेने सुटणारा नव्हता. अर्धा पित्याचा वारसा असलेला गर्भ माता नऊ महिने कसा सांभाळते, हा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये स्पष्टपणे मांडला. त्याच दशकात हँपर्ल व हेलवेग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी गर्भाशयाच्या अंतःस्तरातील कणयुक्त पेशींचे वर्णन केले. परंतु त्या त्यांनी तेथील आधारऊतीच्याच मानल्या. १९७० मध्ये परळ येथेच प्रजननविषयक स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. पुढे १९७५ च्या सुमारास रक्तातील काही पेशी पूर्वपरिचयाशिवाय अर्बुदपेशींचा नाश करतात असे आढळले व त्यांस ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले. १९८० नंतर गर्भाशयातील कणयुक्त पेशीही त्याच कुळातील ठरल्या आणि ते नाव त्यांसही चिकटले.

वस्तुस्थिती मात्र नावाच्या विरुद्ध आहे. या पेशी बीजोत्सर्गानंतर वाढतात. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अंतःस्तरातील श्वेतपेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. त्यांच्या कणांत मारक द्रव्ये असूनही त्या क्वचितच मारतात. वारेच्या पेशी मातेच्या सर्पिल रोहिण्या रुंद करीत असता त्या कार्यास साहाय्य करणे, हे त्यांचे मुख्य काम दिसते. २००४ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी दाखविले की गर्भाच्या विशिष्ट वारशास प्रतिसाद देऊन उद्दीपित होण्याची जनुके ज्या मातांच्या या पेशींत नसतात, त्यांस प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका अधिक असतो. म्हणजे अपाय अतिरेकी आक्रमणाने नव्हे, तर अपुऱ्या उद्दीपनाने होतो.

संज्ञेतील हा दोष केवळ शाब्दिक नव्हे. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीस ‘तुमच्या मारक पेशी गर्भ मारतात’ असे सांगून रक्तातील पेशी मोजावयाच्या व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावयाची, हा प्रकार अनेक देशांत घडला. वस्तुतः रक्तातील व गर्भाशयातील पेशी गुणधर्मांनी भिन्न आहेत, आणि युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांच्या मते अशा तपासणीची शिफारस करण्यास पुरेसा पुरावा नाही. आधीच दुःखी असलेल्या स्त्रीच्या मनात आपणच अपत्यघातकी असल्याचा सल या शब्दाने रुजतो.

महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणासाठी १९९८ पासून नाशिक येथे स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याच्या विद्यार्थ्याने हा इतिहास जाणणे अगत्याचे आहे. पेशीस नाव देणारे तिला जेथे प्रथम भेटले, ते स्थळ गर्भाशय नव्हते. नावावर विसंबून निदान करू नये, एवढा धडा या इतिहासातून निश्चित मिळतो.