पत्राला उत्तर येतेच

ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर बोलण्यासाठी मिनिटाला ६ पैसे वेगळे मोजावे लागू लागले. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या रिचार्जच्या दुकानांत तेव्हा एकच विषय होता. या ६ पैशांमागे एक जुना हिशेब होता. ज्या कंपनीच्या ग्राहकाने फोन लावला, तिने फोन उचलणाऱ्याच्या कंपनीला मिनिटाप्रमाणे पैसे द्यायचे. दूरसंचार नियामक ट्रायने हा दर १ ऑक्टोबर २०१७ ला १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला होता आणि १ जानेवारी २०२१ पासून तो शून्यावर आला. या शून्याच्या व्यवस्थेला दूरसंचारवाले ‘बिल अँड कीप’ म्हणतात. आपल्या ग्राहकाकडून पैसे घ्यायचे, ते आपल्याकडेच ठेवायचे आणि एकमेकांकडे काही मागायचे नाही.

इंटरनेट कंपन्या आपसांत डेटाची जी देवघेव करतात, त्या पिअरिंगचा नियमही हाच आहे. हे मला ठाऊक होते. चकित झालो तो ९ ऑक्टोबर १८७४ ला बेर्न शहरात अनेक देशांनी सही केलेला टपाल करार वाचताना. त्यातले एक कलम सांगते, की प्रत्येक देशाच्या टपालखात्याने आपण गोळा केलेले पैसे पूर्ण आपल्याकडेच ठेवावेत. त्यामुळे या बाबतीत देशादेशांत हिशेबच करावा लागणार नाही. पिअरिंगचा करार आज कोणी कागदावर लिहायला घेतला, तर पहिले वाक्य याहून वेगळे लिहिता येणार नाही. इंटरनेटच्या या रिवाजाचे कूळ संगणकाच्या प्रयोगशाळेत शोधतात, ते बेर्नमध्ये आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी रिवाज नीट पाहू. इंटरनेट हे एक जाळे नाही, हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडलेली आहेत आणि प्रत्येकाला एक क्रमांक आहे. बीएसएनएलच्या जाळ्याचा क्रमांक ९८२९, पूर्वीच्या व्हीएसएनएलचा (आताच्या टाटा कम्युनिकेशन्सचा) ४७५५. दारव्ह्याच्या बीएसएनएल ग्राहकाने यवतमाळच्या एखाद्या केबल इंटरनेटवाल्या मित्राला फोटो पाठवला, की तो कुठेतरी एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरतो. शिरण्याचे मार्ग दोन. दोन्ही जाळी बरोबरीची असतील तर ती थेट जोडून घेतात आणि कोणी कोणाला पैसे देत नाही, हे पिअरिंग. नाहीतर लहान जाळे मोठ्याला पैसे देते आणि मोठे त्याचा डेटा जगात कुठेही पोहोचवते, हे ट्रान्झिट. पिअरिंग म्हणजे शेतकऱ्यांची सावड: आज माझी बैलजोडी तुझ्या वावरात, उद्या तुझी माझ्या, मजुरीचे नाव नाही. पण ज्याच्याकडे जोडीच नाही, त्याला सावडीत कोण घेणार? जिल्ह्यापुरता परवाना असलेल्या लहान कंपनीचे दुखणे नेमके हेच आहे.

हे करार बहुधा लिहीतही नाहीत. २०११ मध्ये पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेने १,४२,२१० पिअरिंग करार तपासले. त्यातले ९९.५ टक्के नुसत्या शब्दावर चाललेले निघाले.

संस्थेचे नाव पाहा: क्लिअरिंग हाउस. ट्रॅफिक, एक्स्चेंज, क्लिअरिंग ही सारी बोली रेल्वेच्या काळातली. म्हणून पहिला प्रतिस्पर्धी सिद्धांत असा की पिअरिंगचे मूळ रेल्वेत आहे. यवतमाळकरांना तो लगेच पटेल, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर शकुंतला आहे. किलिक निक्सन कंपनीची ही अडीच फुटी रुळांची गाडी यवतमाळहून ११३ किलोमीटर जाऊन मूर्तिजापूरला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मोठ्या रुळांना भिडायची. रूळ अरुंद, म्हणून डबा पुढे जाऊ शकत नव्हता. यवतमाळची कापसाची गाठ मूर्तिजापूरला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. हमाल गाठी पाठीवर घेत आणि बाजूला कारकून नग मोजून वहीत मांडत. दोन जाळ्यांचा सांधा इतका उघड्यावर क्वचितच दिसतो. मालकी किलिक निक्सनची, गाड्या चालवणार जीआयपी, उत्पन्नाची वाटणी करारानुसार. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, तरी मूळ कंपनीला तिचा हिस्सा जातच राहिला. 

पण वाटणी हाच रेल्वेचा प्राण, आणि तिथेच हा सिद्धांत मोडतो. लंडनमध्ये १८४२ साली रेल्वे क्लिअरिंग हाउस निघाले तेच मुळी हिशेबासाठी: एका तिकिटावर तीन कंपन्यांच्या रुळांवरून प्रवास झाला, तर मैलांप्रमाणे कोणाला किती? तिथे कारकुनांची फौज बसे. पिअरिंगमध्ये कारकूनच नाही. बोली रेल्वेची घेतली खरी, वहीखाते मात्र नाही.

तारायंत्र आणि आंतरराष्ट्रीय टेलिफोन याच कारणाने बाद होतात. तिथेही पाठवणारा देश पोहोचवणाऱ्याला त्याचा वाटा देई. परदेशी फोन भारतात जितके येत तितके येथून जात नसत, त्यामुळे ते फोन हाताळणाऱ्या व्हीएसएनएलला वर्षानुवर्षे परकीय चलनात चांगली कमाई होत होती.

आता टपाल. १८७४ पूर्वी परदेशी पत्राचा कारभार रेल्वेसारखाच होता. दर दोन देशांचा वेगळा तह, वाटेतल्या प्रत्येक देशाचा हिस्सा, आणि एकेका पत्राची वजनानुसार नोंद. जर्मनीचे टपालप्रमुख हाइनरिश फॉन स्टेफान यांच्या पुढाकाराने ही गुंतागुंत एका फटक्यात कापली गेली. त्यामागचा युक्तिवाद साधा आहे: प्रत्येक पत्राला उत्तर येते. मी तुमच्याकडे शंभर पत्रे पाठवली तर शंभराच्या आसपास परत येणार. मग दोन्हीकडून सारखीच रक्कम द्यायची आणि घ्यायची कशाला? करार १ जुलै १८७५ ला अमलात आला आणि बरोबर वर्षाने, १ जुलै १८७६ ला, ब्रिटिश भारत त्यात सामील झाला. यवतमाळ तेव्हा वूण जिल्ह्यात होते (जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले १९०५ मध्ये). इथल्या कापूस व्यापाऱ्याने लिव्हरपूलला पाठवलेल्या पत्राचे तिकीट भारताच्या खात्यात जमा होई, लिव्हरपूलचा पोस्टमन ते फुकट पोहोचवी, आणि उत्तर आले की आपला पोस्टमन तेच करी.

माझ्या सिद्धांताचा सर्वांत भक्कम पुरावा पुढचा आहे. बेर्नच्या करारात फुकट होते ते फक्त पोहोचवणे. पत्र तिसऱ्या देशातून जात असेल, तर त्या मधल्या देशाला वजनाप्रमाणे पैसे द्यावे लागत, आणि त्या आकाराचे नाव होते ट्रान्झिट. शेवटच्या टोकाला हिशेब नाही, मधल्याला मोबदला: पिअरिंग आणि ट्रान्झिट ही दोन घरांची मांडणी जशीच्या तशी, शब्दासकट, १८७४ ची आहे. असे जुळे केवळ योगायोगाने जन्मत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी सिद्धांत संगणकवाल्यांचा लाडका आहे. त्यांच्या मते हा रिवाज प्राध्यापकांच्या मैत्रीतून आला. अमेरिकेच्या एनएसएफनेट या सरकारी जाळ्यावर व्यापारी डेटाला मज्जाव होता, म्हणून १९९१ मध्ये पीएसआयनेट, यूयूनेट आणि सर्फनेट यांनी सीआयएक्स ही स्वतःची अदलाबदलीची जागा काढली आणि आपसांत पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले. हा टप्पा खराच आहे. पण या तिन्ही कंपन्या धंदा करायला बसल्या होत्या. नुसत्या मैत्रीवर त्यांनी उत्पन्न सोडले असे मला वाटत नाही. माझा तर्क असा की त्यांच्यासमोर नमुना तयार होता. अमेरिकेतल्या शेजारशेजारच्या टेलिफोन कंपन्या स्थानिक कॉलसाठी बिल अँड कीप आधीपासून पाळत होत्या, आणि टेलिफोनवाल्यांना टपालाचा हा नियम माहीत नसणे शक्य नाही. टपाल, टेलिफोन, मग सीआयएक्स अशी ही वाट मी लावतो.

वारसा खरा असेल, तर आजारही तोच यायला हवा. तसाच आला. टपालात स्टेफान यांचे गणित पुढे चुकू लागले. श्रीमंत देशांतून मासिके आणि जाहिरातींचे गठ्ठे निघत आणि गरीब देशांचे पोस्टमन ते फुकट वाटत. गठ्ठ्याला कोण उत्तर लिहितो? अखेर टपाल संघाच्या १९६९ च्या टोकियो काँग्रेसमध्ये ठरले की ज्याच्याकडे जास्त येते त्याला पोहोचवणावळ द्यायची, आणि १९७१ पासून ती सुरू झाली. मोबाइलमध्ये मिस्ड कॉलने तेच केले. दुसऱ्या कंपन्यांचे ग्राहक आमच्या ग्राहकांना मिस्ड कॉल देतात, आमचे ग्राहक उलट फोन लावतात आणि पैसे आम्ही भरतो, ही जिओची तक्रार होती.

इंटरनेटवर हा तोल सुरुवातीपासूनच ढळलेला. इथे पत्र चिमूटभर आणि उत्तर गाडाभर. घाटंजीतल्या मुलाने व्हिडिओवर बोट ठेवले की जाणारी मागणी काही ओळींची असते आणि येणारा चित्रपट त्याच्या लाखो पट जड. भारतात १९ जून २००३ ला निक्सी या डेटा-अदलाबदलीच्या केंद्राची स्थापना झाली, ती देशातला डेटा देशातच बदलला जावा म्हणून. त्याआधी दोन भारतीय कंपन्यांमधली ईमेलसुद्धा अनेकदा परदेशात वळसा घेऊन येई. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. यवतमाळ-मुंबई जाणे-येणे त्याला काही मिलिसेकंदांचे काम, अमेरिकेचा वळसा पडला की पाव सेकंदाच्या घरात.

निक्सीने मात्र बेर्नचा नियम घेतला नाही. तिने ठरवले की जो मागतो तो पैसे देईल: दोन कंपन्यांत जिने जास्त डेटा ओढला, तिने फरकाचे पैसे भरायचे. हेतू चांगला होता, वेबसाइट भारतात ठेवणाऱ्याला फायदा व्हावा. परिणाम असा की ज्यांचे सारे ग्राहक फक्त ओढणारे, ते जिल्ह्याच्या गावातले लहान सेवादार कायम देणेकऱ्याच्या बाजूला बसले. टोकियोत घेणाऱ्याला पैसे मिळाले, निक्सीत घेणाऱ्याने दिले. असमतोल तोच, निवाडे एकमेकांच्या उलट. पुढे निक्सीने हा आकार काढून टाकला, ते योग्यच झाले.

आता टोकियोच्या निवाड्याची मागणी पुन्हा पुढे येते आहे. भारतातल्या मोबाइल कंपन्या म्हणतात की व्हिडिओ पाठवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आम्हाला पोहोचवणावळ द्यावी. दक्षिण कोरियाने २०१६ पासून इंटरनेट कंपन्यांवर आपसांत असा आकार लादला, आणि तिथल्या जाळ्याच्या खर्चाचे कारण देऊन थेट व्हिडिओ दाखवणारे ट्विच २०२४ मध्ये त्या देशातून बाहेर पडले. मोबाइल कंपन्या इथे बेर्नच्या कलमाचा अर्धाच भाग वाचतात, असे मला वाटते. जाहिरातीचा गठ्ठा कोणी मागवला नव्हता, म्हणून पाठवणाऱ्याला पैसे लावणे न्याय्य होते. घाटंजीच्या मुलाने व्हिडिओ स्वतः मागवला आहे आणि महिन्याचा रिचार्जही मारला आहे. ते पैसे त्याच्या कंपनीने ठेवून घेतलेलेच आहेत.