मृत्युपत्र नव्हते, वारसनोंद होती

घराण्याचा इतिहास मृत्युपत्रांत आणि प्रोबेटच्या फायलींत शोधा, असे सांगतात. तिथे शेठ-सावकारांच्या पिढ्या सापडतील. आमच्या पणजोबांकडे मागे ठेवायला होते काय? म्हणून आम्हाला इतिहासच नाही का?

आहे. महार वतन वंशपरंपरागत होते. वतनदार मेला की वारसाची नोंद होई. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीसाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने संपली 1958 च्या कायद्याने. पण गुलामीच्या त्याच कागदांत आमच्या पूर्वजांची नावे आहेत.

जात पडताळणीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा हेच कागद कामी येतात. म्हणून बांधवांनो, तहसीलमधून जुने फेरफार, वारसनोंदी काढा. आजीचे नाव त्यात नसेल, तर ते आपण लिहू.

जयभीम!