टाकाऊ पॉवर सप्लाय आणि कल्याणच्या तबकड्या

साखर कारखान्याच्या गावात बोलतोय, म्हणून बगॅसपासून सुरुवात करतो. रस काढला की उसाचं काम संपलं, पण बॉयलरचं तिथूनच सुरू होतं. म्हणजे टाकाऊपणा वस्तूत नसतो, आपल्या प्रयोजनात असतो. (हे तत्त्वज्ञान इतकंच, घाबरू नका.)

आजची वस्तू म्हणजे जुन्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय. डेटा सेंटरमधले सर्व्हर काही वर्षांनी बदलतात आणि हे लांबट पत्र्याचे डबे धडधाकट असतानाच भंगारात जातात. हौशी मुलं ते आणून एलईडी पट्ट्या, गाडीतला ॲम्प्लिफायर, बॅटरीचा चार्जर चालवतात. पूर्वी एवढी वीज १२ व्होल्टवर हवी असती तर लोखंडी पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी उचलावा लागला असता. या डब्यात घरची ५० हर्ट्झची वीज आधी डीसी होते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडली जाते. वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. सगळी करामत एवढीच.

आता इतिहासाकडे. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याच्या रेडिओ निरीक्षणासाठी सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या होत्या. १९५० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांना त्यापेक्षा मोठं यंत्र उभारायचं होतं, त्यामुळे या तबकड्या मोडीत निघणार होत्या. कोलंबो योजनेतून तिकडे गेलेल्या गोविंद स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि ऑस्ट्रेलियाने दिल्या! आधी त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आल्या. पुढे स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्याच तबकड्यांतून भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ६१० मेगाहर्ट्झवर ती सूर्य पाहत होती. तिथे हात तयार झालेल्या मंडळींनी पुढे उटीची दुर्बीण बांधली, आणि नंतर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० अँटेनांची जीएमआरटी झाली.

माझ्या मते यातली खरी गोष्ट तबकड्यांची नाहीच. तबकडी फुकट मिळाली, पण ती कशाला जोडायची, रिसीव्हर कसा हवा, हे ज्ञान कुणी भेट दिलं नव्हतं. ते इथेच कमवावं लागलं. आपल्याकडे 'जुगाड' म्हणून कौतुक करताना हा भाग गाळला जातो, आणि मला ते खटकतं.

पॉवर सप्लायचंही तसंच आहे. बारा व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण काही डबे ७०-७५ अँपिअर देतात. पाना किंवा बारीक वायर मध्ये आली तर ती लाल होऊन वितळेल, आणि डबा बंद होईपर्यंत चटका बसून गेलेला असेल. आतल्या कपॅसिटरवर तर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो उरतो. म्हणून डबा उघडायचा नाही. आणखी एक. दोन डबे एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करायचा मोह होतो. पण बहुतेक डब्यांत उणे टोक पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं असतं. दुसरा डबा जोडला की पहिल्याचं अधिक टोक अर्थिंगमधून थेट शॉर्ट होतं. काही जण यावर अर्थिंगची पिनच कापून टाकतात. ते अजिबात करू नका. चोवीस हवे असतील तर चोवीसचाच सप्लाय आणा.

बोला, कुणाला काही विचारायचंय?