लोगानची व्हेरिटो झाली ती नाशकात

कंपनी फ्रान्सची, आराखडाही तिचाच; पण खुद्द फ्रान्समध्ये जी गाडी रेनोच्या नावाने विकली गेली नाही, ती नाशिकच्या कारखान्यात तयार होत होती. तिचं नाव लोगान.

या गाडीची कल्पना सुचली रशियात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेनोचे अध्यक्ष लुई श्वाइत्झर तिथे गेले, तेव्हा जुन्या घडणीच्या स्वस्त लाडा गाड्यांचा खप त्यांच्या नजरेत भरला. पाच माणसांची, दणकट, नवी गाडी ५,००० युरोंत बसवायचीच, असं त्यांनी ठरवलं. १९९९ मध्ये रेनोने रोमानियाची दाचिया कंपनी घेतली आणि २००४ मध्ये तिथून लोगान बाहेर पडली. पश्चिम युरोप सुरुवातीला हिशेबातच नव्हता. पुढच्या वर्षी ती फ्रान्समध्ये आली, पण दाचिया म्हणून. रशिया, ब्राझीलमध्ये तिच्यावर रेनोचा बिल्ला लागला, इराणात ती तोंदार झाली.

किंमत कुठे वाचवली, ते गाडीजवळ उभं राहिलं की दिसतं. डाव्या-उजव्या दारांचे आरसे एकाच साच्यातले, काचा कमी बाकाच्या, डॅशबोर्ड अखंड एका तुकड्याचा. जागेत मात्र हात आखडला नाही: मागे तिघं ऐसपैस बसतात आणि डिकी ५१० लिटरची.

भारतात महिंद्राचे ५१ आणि रेनोचे ४९ टक्के अशी भागीदारी २००५ मध्ये ठरली; २००७ मध्ये नाशिकची लोगान रस्त्यावर आली. दीड लिटरचं डिझेल इंजिन काटकसरी होतं. घोडं अडलं लांबीपाशी. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना २००६ पासून उत्पादन शुल्कात सवलत होती आणि लोगान सव्वाचार मीटरची.

टॅक्सीवाल्यांना मात्र ती मानवली. नांदगाव तालुक्यातल्या मनमाडला रेल्वेतून उतरून शिर्डीला निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा टपावर न बांधता आत मावतील, अशी ती डिकी.

२०१० मध्ये रेनोने आपला हिस्सा महिंद्राला दिला. २०११ मध्ये लोगानची व्हेरिटो झाली. २०१३ मध्ये मागची बाजू आखूड करून चार मीटरच्या आत आणलेली व्हेरिटो व्हाइब आली, तर २०१६ मध्ये विजेवर चालणारी ई-व्हेरिटो.

परक्या आराखड्याची गाडी हाती घेऊन तिला इथल्या रस्त्यांसाठी, इथल्या करासाठी आणि शेवटी विजेसाठी नव्याने घडवण्याचं हे काम मोठं आहे. नाशिकच्या उद्योगांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवं.